धार कुणी लावायची?

सोयाबीनची पानं गळून शेंगा वाळल्या की चिखली-मेहकरकडच्या घरांत विळ्यांची शोधाशोध सुरू होते. कुणाचा वाशाला खोचलेला असतो, कुणाचा कुटाराच्या खोलीत सापडतो. वरून गंज, आणि गेल्या हंगामात गोट्यावर बसून धारेला पडलेले दाते. मग तोच जुना प्रश्न: लोहाराकडे न्यायचा, की घरीच दगडावर घासायचा?

एके काळी हा प्रश्न पडतच नव्हता. लोहार बलुतेदार. वर्षभर विळे-कुऱ्हाडी पाजवायच्या, वखराची पास ठोकून द्यायची आणि खळ्यावर धान्य न्यायचं. प्रत्येक फेरीचा वेगळा पैसा नव्हता, म्हणून लोक खुरपंसुद्धा त्याच्याकडे घेऊन जात. पुढे व्यवहार रोखीवर आला आणि फेरी मोजली जाऊ लागली. आता तर वायरला जोडायचं हातातलं ग्राइंडर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. बटण दाबलं, ठिणग्या उडाल्या, माणूस खूश.

ठिणग्यांवर भाळू नये. घर्षणाने पातं तापतं आणि 300 अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं. धारेवर तो निळा पट्टा दिसला की समजावं, लोहाराने दिलेलं पाणी तिथून उतरलं. विळा त्या दिवशी चांगला चालेल. दुसऱ्या दिवशी धार वळायला लागेल.

हे पाणी देणं हीच लोहाराची खरी विद्या. पातं लाल करून ऐरणीवर ठोकलं की धार पातळ होते, तेवढं पाहून आपण समजतो काम झालं. खरं काम त्यापुढे. तो नुसती धार पाण्यात बुडवतो, चटकन काढतो, घासून एक जागा चकचकीत करतो आणि बघत राहतो. पात्याच्या मागच्या भागात उरलेली धग धारेकडे सरकते, तसा तिथे वाळल्या गवतासारखा पिवळट रंग चढतो. तो रंग दिसला की विळा पुन्हा पाण्यात. थोडं लवकर बुडवलं तर धार ठिसूळ राहून गोट्यावर तुटते, उशीर झाला तर मऊ पडते. भट्टी सावलीत असते ती उगाच नाही. उन्हात हा रंग ओळखू येत नाही. घरच्या दगडावर हे व्हायचं नाही, आणि यूट्यूब पाहून तर नाहीच.

म्हणून रोज उठून लोहाराचं दार गाठावं असंही नाही. सकाळी विळ्याची धार उजेडाकडे करून धरा. बोथट जागी बारीक पांढरी रेघ चमकते, धारदार जागी काहीच दिसत नाही. जिथे रेघ दिसली तिथे ओल्या दगडाचे एकाच दिशेने हात मारा. विळा वाकडा, म्हणून विळा स्थिर ठेवून दगड फिरवायचा. मागच्या बाजूने बोटाला खरखर लागली की तिथून दगड हलकेच फिरवला, झालं. एवढं ज्याचं त्याने करावं. दाते पडले, धार जाड झाली, की मात्र लोहार. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दातेरी वैभव विळा आणला, त्याला रोज दगड लावावा लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण आपल्याकडच्या कित्येक घरांत अजून साधाच विळा आहे.

खंडेनवमीला आपण याच अवजारांना हळद-कुंकू वाहतो. 17 सप्टेंबर 2023ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत लोहार आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदतही आहे. चांगलंच आहे. पण गावातून विळे घेऊन माणूसच आला नाही, तर नवा हातोडा घेऊन त्याने खिडक्यांच्या जाळ्याच करायच्या का? कित्येक जण त्याच करताहेत.

बोथट विळ्याची किंमत सोंगणीत कळते. झाड कापलं न जाता ओढलं जातं, वाळलेली शेंग हिसक्याने तडकते आणि दाणे मातीत जातात. झाड मुळासकट आलं तर मळणीत माती येते, आणि मुळावरच्या गाठींतलं जे नत्र पुढच्या पिकासाठी जमिनीत राहायचं, तेही शेताबाहेर जातं. नुकसान शेतमालकाचं. मनगट मात्र भरून येतं त्या बाईचं, जी पहाटे दव असताना, शेंगा तडकू नयेत म्हणून, आपला स्वतःचा विळा घेऊन आपल्या शेतात येते.

तेव्हा यंदा सोंगणीचा ठेका ठरवताना एवढं करा. आठ दिवस आधी मजूर बायांचे विळे गोळा करा, आपल्या विळ्यांबरोबर लोहाराकडे द्या आणि सगळ्यांचे पैसे तुम्ही द्या. रोख द्या. उधारीची वही त्याच्याकडे आधीच जाड झालेली आहे.