तापलेली करवत आणि कारणाचा शोध

चेनसॉ तासभर चालवून बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. निवली की दोन-तीन वेळा दोरी ओढताच सुरू होते. ही तक्रार सर्रास ऐकू येते आणि तिचे उत्तरही ठरलेले असते: गरम झाली म्हणून अडली. वरवर पाहता हे अनुमान निर्दोष वाटते. उष्णता असते तेव्हा बिघाड असतो, ती गेली की बिघाडही जातो. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले. तरीही एवढ्याने कारण कळत नाही असे माझे म्हणणे आहे, आणि त्याचा आधार आपल्या न्यायदर्शनातच, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातच आहे.

त्यातले नेहमीचे उदाहरण घ्या: धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओल्या सरपणाची जोड लागते. अशा लपलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, उपाधी म्हणतात. गंगेश या नैयायिकाच्या 'तत्त्वचिंतामणी' या ग्रंथात तिचा कसून ऊहापोह आहे. करवतीचेही तसेच. धडधाकट चेनसॉ तापलेली असतानाही सुरू होते, म्हणजे नुसती उष्णता पुरेशी नाही. ओले सरपण शोधायला हवे. ते अनेक जागी असू शकते. इंजिन थांबले की पंख्याचा वारा थांबतो, सिलिंडरची धग कार्ब्युरेटरपर्यंत पोचते आणि पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो. इग्निशन कॉइलमधली बारीक तार तापल्यावर जोड सोडते आणि ठिणगी पडत नाही. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगमुळे आधीच कमी असलेले कॉम्प्रेशन, तेलाचा थर पातळ झाल्यावर आणखी उतरते. टाकीत हवा जाण्याची वाट बुजलेली असते. किंवा गरम इंजिनाला चोक देऊन चालवणाऱ्यानेच प्लग पेट्रोलने भिजवलेला असतो. करवत निवते तेव्हा यांतल्या बहुतेक गोष्टी एकदमच बदलतात. म्हणून थंड करून पाहणे ही परीक्षा नव्हेच. तिच्यात पुरावा पुसला जातो. उष्णता तशीच ठेवून एकेकच गोष्ट तपासली पाहिजे: ठिणगी पडते का, प्लग ओला आहे की कोरडा, दाब किती भरतो, टाकीचे झाकण जपून सैल केल्यावर फरक पडतो का.

यावर अनुमानाला प्रमाण न मानणारा चार्वाक म्हणेल, कितीही तपासा, एखादी न दिसलेली उपाधी उरणारच. तत्त्वतः हे खरे आहे. पण उदयन या नैयायिकाचे उत्तर मला पटते: शंका तिथवरच टिकते जिथवर ती शंका घेणाऱ्याच्याच वागण्याला छेद देत नाही. धूर हवा असला की चार्वाकही अग्नीच पेटवतो. व्यवहारी माणसाचा आक्षेप वेगळा, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो: अर्धा तास थांबलो की काम होते, मग कारण कशाला हवे? पण झिजलेली रिंग थांबल्याने बरी होत नाही, ती झिजतच जाते. शिवाय अर्धा तास नेहमी हाताशी नसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडात झाडे आडवी पाडून रस्ते अडवले, तशा वेळी तर नाहीच.

सर्वांत फसवा पुरावा मात्र दुरुस्तीनंतरचा. नवी कॉइल बसवली, दोरी ओढली, करवत सुरू झाली. कॉइलच दोषी होती असे सगळे मान्य करतात. पण कॉइल बदलण्यात गेलेल्या वेळात इंजिन निवलेले असते आणि निवलेली करवत जुन्या कॉइलवरही सुरू झालीच असती. ती पुन्हा लाकडात घालून पूर्ण तापवावी, बंद करावी आणि मगच दोरी ओढावी. त्याआधीचा कोणताही निर्णय ग्राह्य धरू नये.