निनावी प्रश्न आणि उत्तराची सही

प्रश्नोपनिषदात पिप्पलादाकडे सहा जिज्ञासू येतात. त्या सहाही जणांची नावे संहितेने जपली आहेत; त्यांतील भार्गव तर 'वैदर्भी' म्हणूनच ओळखला जातो. हाती समिधा घेऊन आलेल्या या जिज्ञासूंना पिप्पलाद तत्काळ उत्तर देत नाही. आधी वर्षभर येथे राहा, मग विचारा, असे तो सांगतो. छांदोग्यात विद्या मागणाऱ्या सत्यकामाला गौतम प्रथम गोत्र विचारतो. दोन्ही ठिकाणी जिज्ञासेला स्वतःची ओळख पुढे करावी लागते. ज्ञानव्यवहारातील ही पूर्वअट आजच्या महाविद्यालयांतूनही पुरती गेलेली नाही. वर्गात प्रश्न विचारला गेला की तो कोणी विचारला, याकडे आधी माना वळतात.

ग्रंथालयात निनावी प्रश्नांसाठी पेटी ठेवणे म्हणजे ही अट नाकारणे होय. मात्र त्यातून एक नैतिक पेच उद्भवतो : विचारणारा निनावी असेल, तर उत्तर देणाऱ्यानेही निनावी असावे काय? अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजच्या ओनील ग्रंथालयात विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्यांना भिंतीच्या नावाने उत्तरे देण्याची प्रथा पडली. तिच्यात खेळकरपणा आहे आणि समानताही आहे. कारण दोन्ही बाजू पडद्याआड आहेत. मराठीतील उदाहरण याहून वेगळे आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला. त्या खटल्यात प्रश्नकर्ते उभे राहिले नाहीत. उत्तर देणारा उभा राहिला.

या विषमतेतच उत्तरदायित्वाचा अर्थ दडलेला आहे. विचारणारा आणि सांगणारा यांच्यात सत्तेचे अंतर असते. सांगणाऱ्याजवळ ज्ञान असते, पद असते, क्वचित गुणही देण्याचा अधिकार असतो. विचारणाऱ्याजवळ केवळ आपले न कळणे असते. म्हणून दुर्बळ बाजूला दिलेले आवरण सबळ बाजूनेही घेणे म्हणजे समता नव्हे. निनावीपण हा प्रश्नकर्त्याचा हक्क असेल, तर सही हे उत्तरकर्त्याचे ऋण आहे.

१९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात हा विचार अधिक गुंतागुंतीचा होतो. येथील विद्यार्थ्याच्या घरी पोवारी, गोंडी, हिंदी किंवा झाडीबोली असू शकते. महाविद्यालयात मात्र त्याला प्रमाण मराठीत लिहावे लागते. महाराष्ट्रात आडनाव पुष्कळदा जात सांगून जाते. कोरी चिठ्ठी ते आडनाव पुसते. पण भाषा पुसली जात नाही. एखादे क्रियारूप, एखादा शब्द, अक्षराचे वळण लेखकाची खूण मागे ठेवतेच. 'लेखकाचा मृत्यू' जाहीर करणाऱ्या समीक्षेलाही या चिठ्ठीपाशी थबकावे लागेल. कारण येथे लेखक संहितेबाहेर गेलेला नाही, तो तिच्यात लपला आहे. अशा वेळी वाचनाची नीती एवढीच, की खूण दिसली तरी तिचा माग काढू नये आणि प्रश्नातील भाषा सुधारून तो भिंतीवर लावू नये. शुद्धलेखनाची एक लाल रेघ पुढच्या दहा चिठ्ठ्या लिहू देणार नाही.

या हक्काला सीमा नाही, असे नव्हे. निनावी चिठ्ठीत दुसऱ्या कोणावर नाव घेऊन आरोप असेल, तर तो प्रश्न राहत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला प्रत्युत्तराची संधी हवी, म्हणून तिचा मार्ग वेगळा असला पाहिजे. अधिक कठीण चिठ्ठी ती, जिच्यात जगणे नको झाल्याचे लिहिलेले असते. तिथे हस्ताक्षराचा माग काढावा की दिलेला शब्द पाळावा? हा पेच चिठ्ठी आल्यावर सोडवता येत नाही. तो आधीच सोडवावा लागतो. जीव धोक्यात दिसल्यास शोध घेतला जाईल, हे पेटीवरच स्पष्ट लिहिलेले असावे. मर्यादा सांगून दिलेले वचन मोडत नाही. मर्यादा लपवून दिलेले वचन पहिल्याच कसोटीला मोडते. सहीचे महत्त्वही इथेच कळते. भिंतीला भेटायला जाता येत नाही. खाली नाव, खोली आणि वेळ लिहिलेली असेल, तर निनावी माणसाला स्वतःच्या पावलांनी, स्वतःच्या निर्णयाने प्रकट होता येते.

एक आक्षेप उरतो : कोणासाठी आहे हे ठाऊक नसताना दिलेले उत्तर पोकळ होणार नाही काय? याला साहित्यव्यवहारच उत्तर देतो. आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे गाव, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादले. समकालीनांची अवज्ञा सोसणाऱ्या या नाटककाराने आपली कृती कधीतरी, कुठेतरी जन्मणाऱ्या समानधर्म्यावर सोपवली. त्या वाचकाचे नाव त्याला ठाऊक नव्हते. स्वतःचे नाव, कूळ आणि गाव मात्र त्याने प्रस्तावनेत नोंदवून ठेवले. अनोळखी वाचकासाठी लिहिणे आणि लिहिलेल्याची जबाबदारी घेणे यांत विरोध नाही. ग्रंथालयातील प्रत्येक ग्रंथ याच रीतीने तिथे आलेला आहे. त्या ग्रंथांशेजारी लावलेल्या हस्तलिखित उत्तराकडूनही तेवढीच अपेक्षा करणे रास्त ठरेल.