संडासाच्या रांगेतील धम्म



आज ज्या विषयावर लिहीत आहे, तो विहारात काढला की माणसे खाली पाहतात, बायका तोंडाला पदर लावतात आणि एखादे वडीलधारे उपासक हळूच म्हणतात, "गुरुजी, हे इथं नको." विषय आहे वस्तीतल्या सार्वजनिक संडासाचा. भगवान बुद्धांना हा विषय वर्ज्य वाटला नव्हता. मग आपल्याला का वाटावा?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या संडासाचे नियम दिलेले आहेत. पालीत त्याला वच्चकुटी म्हणतात. त्यातल्या एका नियमामागची हकीकत अशी. संघात ज्येष्ठतेला मान होता. ज्याची उपसंपदा आधी झाली तो वंदनेला पुढे, आसनाला पुढे. भिक्खू संडासालाही याच क्रमाने जाऊ लागले. नवा भिक्खू आधी येऊन उभा राही, पण थेर मागून आले तरी त्यांना वाट द्यावी लागे. वेग आवरून धरता धरता काही नवे भिक्खू चक्कर येऊन पडले. हे भगवंतांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी सांगितले की इथे ज्येष्ठता नाही; जो आधी आला त्याने आधी जावे.

ही ज्येष्ठता जन्माची नव्हती, हे ध्यानात घ्या. शाक्य राजपुत्रांनी आपल्या सेवेतल्या उपाली न्हाव्याला स्वतःच्या आधी प्रव्रज्या द्यायला लावली, ती त्याला आपण वंदन करावे आणि आपला कुळाचा ताठा उतरावा म्हणून. इतकी निर्मळ ज्येष्ठता, पण देहाच्या गरजेपुढे भगवंतांनी तीही बाजूला ठेवली.

आता आपल्या वस्तीत या. पहाटे पाचची वेळ. कुणी बादली, कुणी डबा ठेवून नंबर लावलेला. दहा दारांपैकी दोन मोडलेली, एक तुंबलेले. इतक्यात एक धट्टाकट्टा गडी "मला कामावर जायचंय" म्हणत पुढे घुसतो. जणू बाकीचे सहलीला निघालेत! मागे राहते कोण? म्हातारी, पोटुशी बाई, शाळेचे पोर.

एका वस्तीत मी वर्षावासात ग्रंथवाचनाला जात असे. तिथल्या संडासातली दोन दारे कायम कुलूपबंद असत. चौकशी केली तेव्हा कळले की किल्ल्या कमिटीच्या चारपाच घरांत आहेत. त्यांची दारे स्वच्छ, पाणी भरलेले. बाकीच्या दारांपुढे रांग. हीच मंडळी संध्याकाळी पुढच्या सतरंजीवर बसून समतेचे प्रकरण मन लावून ऐकत. मी त्या वेळी बोललो नाही. पाहुणा होतो, चहा त्यांच्याकडचा होता. ते न बोलणे मला अजून टोचते.

चुल्लवग्गातले बाकीचे नियमही साधेच आहेत. बाहेरच्याने आत जाण्यापूर्वी खाकरावे, आतल्यानेही खाकरून उत्तर द्यावे. धाडकन शिरू नये. जागा घाण दिसली तर धुवावी, केर दिसला तर झाडावा, पाण्याचे भांडे रिकामे असेल तर भरून ठेवावे. घाण कुणी केली, याची चौकशी त्या नियमात नाही. ज्याला दिसली त्याने धुवावी. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न "कुणी केलं?" हा, आणि दुसरा "तो झाडूवाला कुठं मेला?" हा.

या दुसऱ्या प्रश्नाशी जरा थांबू या. राजगृहाच्या रस्त्यावरचा केर काढणाऱ्या सुनीताला तथागतांनी भिक्खू केले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा मुद्दाम घेतली आहे. आपण ती वाचतो, साधुकार देतो. मग आपला संडास धुणाऱ्या माणसाला आपण "ए" म्हणून का हाका मारतो? त्याला चहा देताना कपाटातला कान तुटलेला कप का निघतो? आपल्या वाडवडिलांनी गावची मेलेली ढोरे ओढली. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ते काम सोडले, आणि योग्यच केले. पण आपल्या पाठीवरून उतरलेले ओझे मेहतराच्या पाठीवर कायमचे राहावे, असे बाबासाहेबांनी सांगितले नव्हते. दीक्षा घेऊन आपली जात गेली आणि त्याची तेवढी उरली, असे होत नाही.

याहून गंभीर गोष्ट टाकीची. मैल्याची टाकी भरली की कमिटी खर्च वाचवायला बघते. चारपाचशे रुपये आणि दारूची बाटली देऊन एखाद्याला दोर बांधून आत उतरवते. टाकीतला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि वाढला की नाकालाही कळेनासा होतो. पहिला आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. हाताने मैला उपसायला लावण्यास आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत किंवा गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. पण कायदा बाजूला ठेवा. दर पौर्णिमेला आपण पंचशील घेतो, त्यातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. पैसे वाचवण्यासाठी माणूस टाकीत सोडणाऱ्याने ते शील मोडले. टाकी यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्या. गाडी आत येत नसेल तर लांब पाइप मागा, वर्गणी जास्त काढा.

आणि बाया? संडासाला कडी नाही, दिवा नाही, म्हणून आपल्या मायबहिणी दुपारनंतर पाणी पिणे सोडतात. अंधार पडेपर्यंत किंवा पहाटेपर्यंत लघवी दाबून धरतात. मग जळजळ, ताप, दवाखाना. पाळीच्या दिवसांत तर त्यांचे हाल त्यांनाच ठाऊक. चुल्लवग्गातले भिक्खू वेग आवरून चक्कर येऊन पडले, म्हणून भगवंतांनी नियम बदलला. तुमच्या घरातली बाई तशी पडेपर्यंत वाट पाहणार का? एका कडीला आणि एका बल्बला किती पैसे पडतात?

संडास झाडणे आपल्या हातात आहे, पण नवी दारे बांधणे हे नगरपालिकेचे काम आहे आणि ते मागून घ्यावे लागते. स्वच्छ भारत मिशनच्या शहरी नियमांत सामुदायिक शौचालयासाठी पस्तीस पुरुषांमागे एक आणि पंचवीस स्त्रियांमागे एक बैठक, असे प्रमाण दिले आहे. आपल्या गल्लीतली डोकी मोजा, चालू दारे मोजा आणि दोन्ही आकडे घालून अर्ज करा. चवदार तळे सर्वांना खुले आहे, असा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसे घेऊन तळ्यावर जाईपर्यंत तो कागदावरच होता. स्वतः बाबासाहेबही परळच्या बीआयटी चाळीत सामाईक संडासाच्या सोयीवर कितीतरी वर्षे राहिले. तुमची सकाळ त्यांना ऐकून माहीत नव्हती, अनुभवाने माहीत होती.

तेव्हा येत्या पौर्णिमेची वंदना एक तास उशिरा ठेवा. आधीच्या तासात खराटा, फिनेल आणि बादल्या घेऊन सगळ्यांनी संडासापाशी जमावे, पुरुषांनी आधी. रोजच्या सफाई कामगाराला त्या दिवशी सुट्टी द्या, आणि वंदनेला या म्हणून घरी जाऊन बोलावणे करा. पहिली कडी बायकांच्या बाजूला बसवा. ज्यांच्या घरी किल्ल्या आहेत, त्यांनी त्या येताना बरोबर आणाव्यात.