पाण्याखालची बोली

थायलंडच्या पश्चिमेचा कांचनाबुरी प्रांत आपल्याला ठाऊक असतो तो क्वाय नदीवरच्या पुलामुळे आणि महायुद्धातल्या कैद्यांमुळे. त्याच नदीच्या खोऱ्यात गोंग नावाची माणसे राहत. त्यांची भाषा लोलो गटातली. बर्मीशी तिचे दूरचे नाते, तर लिसू, लाहू, आखा या तिच्या चुलत बहिणी. शेजारी मात्र या लोकांना ‘लावा’ म्हणत. १९२७ साली कर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने सयाम सोसायटीच्या नियतकालिकात ‘लावां’च्या दोन शब्दयाद्या छापल्या, एक उत्तरेकडच्या पठारावरची आणि दुसरी कांचनाबुरीची. नाव एकच, भाषाकुळे मात्र अगदी निराळी! नाव ठेवण्याचा मान मोठ्या शेजाऱ्याकडे जातो, हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको.

पुढे भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॅडली तेथे अभ्यासाला गेले, तेव्हा गोंग बोली विझू लागल्या होत्या. शेजार थाई, सोयरीकही थाई. त्यातच १९८० च्या सुमारास धरणे झाली आणि काही गोंग वस्त्या पाण्याखाली गेल्या. भाषा उरली ती मुख्यतः सुफानबुरी आणि उथाई थानी या प्रांतांतल्या एकेका गावात.

असे काही वाचले की आपण चटकन म्हणतो, आईबापांनी घरात बोलायला हवे होते. पण बोली काय एका घराची असते? ती पाणवठ्यावरची, बांधावरच्या भांडणाची, लग्नातल्या थट्टेची. पुनर्वसनाच्या कागदावर घर लिहिता येते, जमीन लिहिता येते. शेजार लिहायला रकाना नसतो. विखुरलेल्या घरातल्या आईने मुलाला गोंग शिकवली, तरी त्याने ती बोलायची कोणाशी? तिच्यापुढे निवड येते तेव्हा खरा निर्णय दुसऱ्यांनीच घेऊन टाकलेला असतो. तरीही आईबाप अगदी मोकळे सुटतात असे मला वाटत नाही. मुलाशी थाई बोलणे वेगळे, आणि आजीची भाषा लाजेची आहे असे त्याला पटवणे वेगळे. पहिल्याला गरज म्हणता येईल, दुसऱ्याला नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न पुढे आहे. उद्या कोणी गोंग शिकवायची ठरवली, तर सुफानबुरीकडच्या कोक चियांग गावची बोलीच पुस्तकात येईल. ती शुद्ध आहे म्हणून नव्हे. बोलणारे तेवढे तिथे उरले म्हणून. मग कांचनाबुरीच्या म्हातारीचा निराळा शब्द चूक ठरवायचा काय? करच्या दुसऱ्या यादीत त्या मुलखाचे शब्द अजून आहेत, दुसऱ्याच लोकांच्या नावाखाली.