गोड आठवणींचें ऋण

जुन्या प्रवासाची गोष्ट सांगतांना मनुष्याचा चेहरा कसा उजळतो, हें तुम्हीं पाहिलेंच असेल. ज्या वाटेनें पायांस फोड आले व उपास घडले, त्याच वाटेविषयीं तो वीस वर्षांनीं म्हणतो, “काय ते दिवस होते!” ही गोडी खरी, कीं आपलें मन आपणांस फसवितें?

अति उत्तरेकडील एका प्रवासावरून याचा विचार करूं. इ. स. १८९३ त नार्वे देशाचा फ्रित्यॉफ नान्सेन ‘फ्राम’ नांवाच्या जहाजांतून निघाला. जहाज बर्फांत अडकूं द्यावें व प्रवाहाबरोबर ध्रुवाकडे वाहूं द्यावें, अशी त्याची योजना होती. ह्या सफरींत जागा मिळावी म्हणून यालमार योहान्सेन यानें जहाजाची भट्टी पेटविण्याचें काम पत्करिलें. जहाज ध्रुवापर्यंत पोंचत नाहीं असें दिसल्यावर, मार्च १८९५ त हे दोघेच २८ कुत्रे व तीन घसरगाड्या घेऊन बर्फावरून पुढें गेले. ८६ अंशांच्या पलीकडे, म्हणजे तोंवर कोणीही गेलें नव्हतें इतक्या उत्तरेस, पोंचून ते मागें फिरले.

पुढील हिवाळा त्यांनीं फ्रान्झ जोसेफ नामक बेटांवर काढिला. दगडांच्या भिंती, वर वालरस नामक समुद्रप्राण्याचें कातडें, आणि खावयास अस्वलाचें मांस. सूर्य महिनोगणती उगवला नाहीं. नाताळ आला तेव्हां अंगांतील मळके सदरे खालवर करून घातले, इतकाच सण! तोंवर ते एकमेकांस आदरार्थी संबोधीत; त्या वर्षाच्या अखेरच्या रात्रीं मात्र “आतां आपण एकमेकांस ‘तूं’ म्हणूं,” असें ठरलें. १८९६ त ते स्वदेशीं परतले, आणि पुढील वर्षीं नान्सेननें लिहिलेला वृत्तांत लोकांनीं मोठ्या आवडीनें वाचला.

दुःख विरतें व सोबत्याचें प्रेम उरतें, ही स्मरणाची दयाच होय. तिला लबाडी म्हणूं नये. पण तिच्यांत एक धोका आहे. त्या प्रवासाची किंमत कोणी दिली, हेंही दुःखाबरोबर विरून जातें. अन्न सरत चाललें तसा एकेक कुत्रा मारून बाकीच्यांस खाऊं घातला गेला. शेवटीं दोन उरले. आपला कुत्रा मारण्यास हात धजेना, म्हणून प्रत्येकानें दुसऱ्याचा मारिला. नान्सेननें हें लपविलें नाहीं, ही त्याची सचोटी.

आणि योहान्सेन? परतल्यावर त्यास सैन्यांत जागा मिळाली, तथापि दारूनें त्याला ग्रासलें. पुढें नान्सेनच्या शिफारशीनें तो अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवाच्या सफरींत गेला. तेथें मतभेद झाल्यामुळें ध्रुवाकडे जाणाऱ्या तुकडींतून तो वगळला गेला. जानेवारी १९१३ त त्यानें स्वहस्तें आपल्या जिवाचा अंत केला. नान्सेन पुढें निर्वासितांचा कैवारी झाला व १९२२ त त्यास शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. एका झोंपडींत निजलेले दोघे, परंतु त्यांच्या वाटा किती भिन्न झाल्या! यांत नान्सेनवर दोष ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या थंडीची आठवण एकास गोड वाटते, ती सोसणाऱ्या दुसऱ्याचें पुढें काय झालें, हें विचारणें आपलें कर्तव्य नव्हे काय?

म्हणून, बंधुभगिनींनो, जुन्या फेऱ्यांच्या गोष्टी आनंदानें सांगा. पण ज्यानें तुमचें गांठोडें वाहिलें आणि ज्या घरच्या बाईनें अर्ध्या रात्रीं चूल पेटविली, त्यांचींही नांवें सांगा. तो सोबती आज कोठें आहे व कसा आहे, याची चौकशी करा. त्याचें दार जवळ असेल तर जाऊन या. दूर असेल तर एक पत्र घाला. गोड आठवण हें आपलें धन खरें, पण त्यांत दुसऱ्याचा वांटा आहे. तो त्याच्या हयातींत पोंचता करावा.