दृष्टिभेद आणि सत्य

एकाच गोष्टीविषयीं दोन प्रामाणिक माणसांनीं भिन्न वृत्तांत दिले, तर त्यांतील एक तरी चुकीचा असला पाहिजे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. भूमापनशास्त्राचा अनुभव मात्र निराळा आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्यें आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरून ‘डव्ह’ नांवाचे २८ लघु उपग्रह सोडण्यास आरंभ झाला. प्रत्येकाची लांबी सुमारें एक फूट, वजन पांच किलोच्या आसपास. अशा उपग्रहाच्या एका छायाचित्रांत पर्वत दिसतो, परंतु त्याची उंची त्यावरून थेट मापतां येत नाहीं. तोच पर्वत दुसऱ्या स्थानावरून टिपला, म्हणजे शिखर पायथ्याच्या मानानें किंचित् सरकलेलें दिसतें. आणि हें सरकणें मोजूनच उंची काढतात. दोन चित्रांतील विसंगति हेंच येथें ज्ञानाचें साधन होय. उलट, एकाच जागेवरून घेतलेलीं हजार चित्रें तंतोतंत जुळलीं, तरी उंचीविषयीं तीं मुकींच राहतात. एकाच कंपूंतील एकमताची योग्यताही याहून अधिक नसते.

मग सर्वच मतें सारखीं खरीं काय? मुळींच नाहीं. पर्वत एकच आहे, आणि दोन्ही चित्रांत तोच खडक ओळखतां आला पाहिजे. दृष्टिकोनांत फार अंतर पडलें तर ती ओळख पटत नाहीं. फार थोडें असलें तर मोजणींतील लहानशी चूक उंचींत मोठी होऊन बसते. लघु उपग्रह बहुधा सरळ खालींच पाहतात. म्हणून त्यांच्या बाबतींत हा दुसरा धोका मोठा, व अनेक चित्रें एकत्र करून तो कमी करावा लागतो.

शिवाय प्रत्येक चित्र कोठून घेतलें, हें ठाऊक असावें लागतें. लॅम्टन यांनीं १८०२ सालीं मद्रासजवळ मोजणीस प्रारंभ केला. एव्हरेस्टची २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली १८५६ सालीं. मधल्या काळांतील पुष्कळसे श्रम पाहणारा नेमका कोठें उभा आहे, हें निश्चित करण्यांत खर्चीं पडले. २०२० सालच्या ८,८४८.८६ मीटरांशीं ताडून पाहतां त्या जुन्या आंकड्यांतील तफावत अवघी नऊ मीटरांची भरते.

आपल्या वादांत नेमके हेच श्रम कोणी करीत नाहीं. आपली जात, पेशा, पिढी यांनीं आपल्याला कोठें उभें केलें आहे हें न सांगतां जो तो आपलें चित्र संपूर्ण म्हणून पुढें मांडतो. मुलगा वडिलांहून निराळें बोलला, तर ‘चूक कोणाची’ याच्या आधीं ‘तुला हें कोठून दिसलें’ एवढें विचारावें. उत्तर प्रामाणिक असलें, तर दोघांसही पर्वताची उंची थोडी अधिक कळेल.