तिची कैफियत

किशोरवय ओलांडू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्यांविषयी आपल्या जाणत्या मंडळींत दोन मते रूढ आहेत. ही पुस्तके कोवळ्या मनाला बिघडवतात, हे पालकांचे मत. आणि ती मुळी वाङ्मयच नव्हेत, हे रसिकांचे. दोन्ही मते पुष्कळ वेळा पुस्तके न उघडताच बनलेली असतात, आणि ज्या वाचनापायी घरोघरच्या मुली आपली झोप खर्ची घालतात त्याविषयी न वाचता निवाडा देणे मला न्यायाचे वाटत नाही. म्हणून गेल्या काही महिन्यांत या जातीची जी पुस्तके हाती आली, इंग्रजी आणि मराठी, ती मी सावकाश, वहीत टिपणे करीत वाचली; आणि त्या वाचनातून माझे मत असे बनले की, या कादंबऱ्यांचे खरे मोल त्यांतील प्रेमापेक्षा त्यांतील निवेदनात आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या आयुष्याची कैफियत आपल्याच तोंडाने मांडण्याची मुभा त्या देतात, आणि ही मुभा मराठी कादंबरीने एके काळी मोठ्या धैर्याने देऊन पुढे बहुतांशी विस्मृतीत टाकली.

हळ्ळीखेड (बी) हे आमचे गाव बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यात आहे. निजामी अमलातला जुना बीदर जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 रोजी तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि हुमनाबाद, भालकी, औराद, कल्याण हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या वाट्याला आला. इथल्या मराठी घरातली मुलगी आईशी मराठी बोलते, शाळेत आणि कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि कॉलेजात पाऊल टाकताच इंग्रजीशी झुंजू लागते. जून 2023 पासून राज्य सरकारच्या शक्ती योजनेमुळे तिला सरकारी बसचे तिकीट पडत नाही. सकाळी हुमनाबादकडे जाणाऱ्या गाड्यांत दप्तरे पोटाशी धरून बसलेल्या मुली दिसतात, आणि त्यांतल्या एखादीच्या हातात अशी कादंबरीही असते.

स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट'ची जी प्रत मी वाचली ती अशाच एका मुलीकडून मागून घेतलेली होती. नाव दिसू नये म्हणून पुस्तकाला कन्नड वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेले होते. समासात शिसपेन्सिलीने कठीण इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहिले होते, काही मराठीत, काही कन्नडात. पहिल्या पन्नास-साठ पानांवर ते दाट होते, पुढे विरळ होत गेले आणि शेवटी थांबले, म्हणजे कथेच्या ओढीने मुलीने भाषेचा चढ पार केला होता. परंतु मला सर्वांत विचार करायला लावले ते तिने अधोरेखित केलेल्या ओळींनी. नायक नायिकेच्या रूपाची वाखाणणी करतो तिथे पेन्सिल बहुधा फिरलेली नव्हती. नायिका आपल्याला काय वाटते, कशाची भीती वाटते, काय हवे आहे हे सांगते, तिथे ती फिरली होती. ज्या मुलीला घरात कुणी 'तुला काय वाटते?' असे फारसे विचारलेले नसते, ती मुलगी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका मुलीचे 'मला असे वाटते' हे वाक्य शोधून त्याखाली रेघ ओढते, यात बिघाडाची कोणतीही खूण मला दिसत नाही.

ही गोष्ट मराठीला परकी होती असेही नाही. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' पत्र सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी यमूला, एका बालवधूला, आपली कहाणी आपणच सांगू दिली. आज आपण त्या कादंबरीकडे विधवांच्या दुःखाचा दस्तऐवज म्हणून पाहतो, आणि ते रास्तच आहे. पण मला ती अलीकडे पुन्हा वाचताना जाणवले की, मराठीतली पहिली समर्थ किशोरप्रेमकथाही तीच होय. यमू आणि रघुनाथराव यांचे लग्न आधी झाले आणि प्रेम मागून आले, काळच तसा होता. परंतु मुंबईतल्या बिऱ्हाडात वाचनाच्या, बोलण्याच्या, एकमेकांस समजून घेण्याच्या संगतीत ते ज्या रीतीने फुलते, ती रीत खास तरुण वयाची आहे. म्हणूनच त्या प्रेमाचा पुढे जो नाश होतो, आणि वैधव्यानंतर यमूचे जे बळजबरीने केशवपन होते, ते वाचकाला असह्य होते. यमूचा छळ हरिभाऊंनी त्रयस्थाच्या तोंडून वर्णन केला असता तर आपण हळहळलो असतो. तो तिच्या तोंडून ऐकल्यामुळे आपण लज्जित होतो.

यानंतर ही वाट रुंद व्हायला हवी होती. विभावरी शिरूरकर यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या 1933 च्या संग्रहाने शिकलेल्या अविवाहित मुलींचे मन उघड केले, आणि समाजाचा क्षोभ असा उसळला की टोपणनावाआडची लेखिका कोण याचा शोध हाच वादाचा विषय होऊन बसला. ना. सी. फडक्यांनी प्रेमकथेला डौल आणि तंत्र दिले, वि. स. खांडेकरांनी तिला ध्येयाची जोड दिली, आणि कला कलेसाठी की जीवनासाठी यावर एका पिढीने मोठ्या तळमळीने वाद घातला. त्या वादात शाळकरी वयाच्या मुलीची बाजू कोणी विशेष मांडली नाही. खांडेकरांनी 'ययाति'त, 1959 मध्ये, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना स्वमुखाने बोलू दिले, ही त्यांची थोरवी. परंतु त्या पुराणातल्या राजस्त्रिया होत, उद्याच्या परीक्षेची आणि परवाच्या 'पाहुण्यां'ची धास्ती घेऊन जगणाऱ्या मुली नव्हेत. कुमारवयासाठी म्हणून जे लिहिले गेले त्यातही भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेसारखी साहसे आली, आणि मनाच्या साहसाला त्या कपाटात जागा उरली नाही.

अलीकडच्या काळात ही उणीव दोन लेखकांनी अर्धी भरून काढली, आणि 'अर्धी' हे मी विचारपूर्वक म्हणतो. प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या पुस्तकांतला लंपन हा आजी-आजोबांजवळ सीमाभागातल्या गावी वाढणारा, कन्नडच्या शेजारात रुळलेली मराठी बोलणारा मुलगा आम्हा सीमेवरच्या वाचकांना घरचाच वाटतो. सुमीविषयीची त्याची ओढ इतकी निर्मळ आणि इतकी अचूक आहे की, प्रेम हा शब्द वापरायलाही संकोच व्हावा. मिलिंद बोकील यांची 2004 ची 'शाळा' नववीतल्या मुकुंद जोशीच्या तोंडून सांगितलेली आहे. आणीबाणीचे दिवस, शिकवण्या, मित्रांचा कट्टा, आणि जिला सारी मुले नुसत्या आडनावाने ओळखतात ती शिरोडकर. या कादंबरीचे श्रेष्ठत्व असे की, तिने त्या वयाच्या प्रेमाला हसण्यावारी नेले नाही आणि त्याला फळही बळेच लावले नाही. शिरोडकर गाव सोडून जाते, मुकुंदाचे शिक्षण मात्र झालेले असते, आणि ते पाठ्यपुस्तकातले नसते. दोन्ही लेखकांविषयी माझ्या मनात निरपवाद आदर आहे. तरीही सुमी काय विचार करीत होती, शिरोडकर त्या वर्षात काय शिकली, हे आपणास कळत नाही. मुलगी तिथे मुलाच्या मनाचा विषय आहे. तिची स्वतःची बाजू अलिखित राहिली. आमच्या बसमधली मुलगी इंग्रजीकडे का वळते, याचे उत्तर मला येथे सापडते.

आमच्या मुलखात तर हे मौन फार जुने आहे. आमच्या शेजारचे बसवकल्याण म्हणजे बाराव्या शतकातले कल्याण. तिथे बसवण्णांच्या शरणांपैकी, म्हणजे अनुयायी भक्तांपैकी, चर्मकार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस यांनी आपल्या मुलामुलीचा विवाह लावला, राजा बिज्जळाच्या दरबारात तो अपराध ठरला, दोन्ही पित्यांना देहदंड झाला आणि कल्याणात हाहाकार उडाला, असे परंपरा सांगते. ज्या विवाहापायी एक राज्य हादरले त्या विवाहाच्या कथेत पित्यांचे धैर्य आहे, राजाचा क्रोध आहे, शरणांची पांगापांग आहे. परंतु त्या विवाहाच्या वेळी वधूच्या मनात काय चालले होते, तिने त्या तरुणाला आधी कधी पाहिले तरी होते का, हे लोकांच्या स्मरणात कुठे नाही. 'सैराट' हा मराठी चित्रपट 2016 साली आला आणि पुढच्याच वर्षी 'मनसु मल्लिगे' या नावाने कन्नडात उतरला. भाषा बदलली, कथेला बदलावे लागले नाही, कारण जातीचा हुकूम सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस सारखाच चालतो. जिथे एका तरुण जोडप्याला प्रेमाची किंमत इतकी जबर मोजावी लागते, तिथे त्या जोडप्याचे मन शब्दांत उतरवणारे वाङ्मय ही चैन मानता येणार नाही.

यावरून या सर्व कादंबऱ्या मी डोक्यावर घेतो असा समज होऊ नये. 'ट्वायलाइट'विषयी माझा आक्षेप गंभीर आहे. तिचा नायक नायिकेला न सांगता रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिला न्याहाळीत बसतो, आणि कादंबरी या पाळतीला प्रेमाच्या उत्कटतेचे प्रमाण मानते. रस्त्यात मुलीच्या मागे हिंडणाऱ्या प्रत्येक तरुणाची सबब हीच असते. पुढे चार खंडांच्या अखेरीस ती मुलगी अठराव्या वर्षी लग्न करते, लागलीच आई होते, शिक्षण मागे राहते. अमेरिकेची नवलाई म्हणून आमच्या मुली जे वाचतात त्याचा शेवट त्यांच्या आज्यांच्या आयुष्याच्या अगदी जवळ येतो, याचे मला दुःख होते. निवेदन मुलीचे असून तिचे स्वत्व मात्र पानागणिक दुसऱ्याच्या स्वाधीन होत जाते.

याच्या उलट जॉन ग्रीन यांच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' या 2012 च्या कादंबरीतली हेझेल पाहा. सोळा वर्षांची ही कर्करोगग्रस्त मुलगी आपले मरण जाणते, आपल्या जाण्याने इतरांना होणाऱ्या दुःखाचा विचार करते, आणि ऑगस्टसवर प्रेम करतानाही आपली मते, आपले आवडते पुस्तक, आपला प्रश्न सोडत नाही. दोघे ॲम्स्टरडॅमला जातात ते त्या पुस्तकाच्या लेखकाला उत्तर विचारण्यासाठी. रेनबो रोवेल यांच्या 'एलेनॉर अँड पार्क'मध्ये शाळेच्या बसमध्ये शेजारी बसणारी दोन मुले आधी चित्रकथांची पुस्तके आणि गाण्यांच्या कॅसेटी वाटून घेतात, मग मन. आणि तिथे गरीब, सावत्र बापाच्या धाकात जगणाऱ्या मुलीला तिचे स्वतःचे म्हणणे कथेत मुलाइतकेच मिळते. यमू-रघुनाथरावांपासून हेझेल-ऑगस्टसपर्यंत मला एक समान सूत्र दिसते: जिथे दोघे मिळून काही वाचतात, ऐकतात, विचार करतात, तिथे प्रेम माणसाला वाढवते, जिथे एक दुसऱ्याला केवळ व्यापून टाकतो, तिथे ते माणसाला खुजे करते. या जातीच्या कादंबरीची माझी कसोटी हीच: शेवटच्या पानावर ती मुलगी पहिल्या पानापेक्षा अधिक स्वतःची झालेली आहे काय?

कोणी म्हणेल, या वयाची काळजी घ्यायला कायदा समर्थ आहे. कायदा हवाच. 2006 च्या बालविवाहविरोधी कायद्याला कर्नाटकाने 2016 मध्ये दुरुस्ती करून असे विवाह मुळातच रद्दबातल ठरवले, ही आमच्यासारख्या भागात मोलाची गोष्ट आहे. परंतु बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याखाली सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या परस्परसंमत प्रेमाचे खटले येऊ लागले, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने 2022 मध्ये संमतीच्या वयोमर्यादेचा पुनर्विचार सुचवला, आणि 2023 मध्ये विधी आयोगाने मर्यादा कमी न करण्याची शिफारस केली. दोन्ही बाजूंना सबळ कारणे आहेत. आमच्याकडे मात्र प्रेमाची कुणकुण लागताच मुलीपुढे उरतात ते दोनच मार्ग, पोलीस ठाण्यात तक्रार नाही तर घाईघाईचा मांडव, आणि दोन्ही ठिकाणी तिच्या वतीने दुसरेच बोलतात. चांगली कादंबरी तिला भाषा देते, म्हणजे आपल्या भावनेला नाव देण्याची, ती तपासण्याची, आणि प्रसंगी नकार देण्याची शक्ती देते. मौनाने कोणतीही मुलगी सुरक्षित झालेली नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, वेष्टन घातलेले पुस्तक हिसकावून घेण्याऐवजी ते मागून घ्यावे, वाचावे, आणि पाळत म्हणजे प्रेम नव्हे हे मुलीशी मोकळेपणाने बोलावे. शाळांनी आणि वाचनालयांनी 'वनवास' आणि 'शाळा' ही पुस्तके सीमाभागातल्या मराठी मुलांच्या हाताला येतील अशी ठेवावीत. आणि मराठी लेखकांना, विशेषतः लेखिकांना, कळकळीचे सांगणे हे की, हरिभाऊंनी यमूसाठी जे केले ते आता हुमनाबादच्या, भालकीच्या, उदगीरच्या सतरा वर्षांच्या मुलीसाठी करा. तिला तिच्या मराठीत, त्यातल्या कन्नड-दखनीसकट, बोलू द्या. तशी कादंबरी आली तर आमच्या मुलींना आपले मन वाचण्यासाठी परक्या भाषेचा कोश उघडावा लागणार नाही.